सोळा फेरे

माझ्या थोरल्या बहिणीचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. ती पाणीखात्यात व्हॉल्व्ह उघडून पाणी सोडायची. मी त्याच खात्यात पाइपासाठी खड्डे खणायचो. चढावरच्या मुख्य व्हॉल्व्हला लांब लोखंडी चावी लावून ती सोळा फेरे द्यायची. प्रत्येक फेऱ्यानंतर थांबून कान द्यायची. पाइपातली हवा निघाली की पुढचा फेरा. वीस मिनिटं लागायची. घाईत फिरवलं तर पाणी दणका देतं आणि जुना पाइप फुटतो. सगळे तिला सोळाक्का म्हणायचे.

पुढे खात्याच्या साहेबांनी दुरुस्तीची कामं तीन कंत्राटदारांत वाटली. जो चांगलं आणि स्वस्त करील त्याला पुढचं काम. आम्ही खूप कुरकुरलो. पण खोटं कशाला बोलू? आम्हाला आठवडा लागायचा ती गळती ते एका दिवसात बंद करायचे, आणि जोडही पक्का.

साहेब खूश झाले. त्यातल्याच एकाला त्यांनी व्हॉल्व्हचंही कंत्राट दिलं. अक्काच्या हातात झाडू आला. कंत्राटदाराचा नवा माणूस दोन मिनिटांत चावी गरगरा फिरवून मोकळा. आठवड्याला दोनदा पाइप फुटू लागला. त्या पाइपाची दुरुस्ती त्याच्याच मालकाकडे, बिलही त्याचंच. वरच्या गल्लीत थेंब पोचेना.

अक्का साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, फोडणारा आणि जोडणारा एकच केलात की हो!"

"मग दुरुस्तीही काढून घेऊ म्हणता?"

"ती राहू द्या. एकाने नीट केलं नाही तर दुसरा बोलावता येतो. वरच्या गल्लीने दुसरं पाणी कुठून बोलवायचं?"

साहेब हसले. "महिनाभर चावी घ्या. एकदा जरी पाइप फुटला, तर परत झाडू."

महिनाभर माझाच जीव टांगणीला. ती मात्र शांतपणे फेरे मोजायची. एकदाही फुटला नाही. वरच्या गल्लीत पाणी चढलं तेव्हा बायकांनी बादल्या बडवून अख्खी गल्ली जागी केली. चावी अक्काकडे कायम राहिली. दुरुस्ती तिघांकडेच ठेवली.

निवृत्तीच्या वर्षी तिने त्याच गल्लीत दोन खोल्या पाहिल्या. भाव दुप्पट.

"तुमच्या पाण्यामुळेच चढलाय, अक्का," घरमालक म्हणाला.

"मग कमी कर ना, मेल्या!"

त्याने चहा पाजला, भाव कमी केला नाही. अक्काने तीस वर्षांची बचत मोजून दिली आणि स्वतःच महाग केलेल्या दोन खोल्या घेतल्या.