हट्टी गिऱ्हाइकाचं गेज

बिडकीनच्या अलीकडे, पैठण रस्त्याला अन्सार मिस्त्रीचं टायरचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार पत्रे, एक कॉम्प्रेसर आणि पाण्याची टाकी. पण ट्रकवाल्यांत त्याच्या शब्दाला वजन मोठं. सोनाराकडचं सोनंसुद्धा लोक दुसरीकडे घासून बघतात. अन्सारनं भरलेली हवा मात्र कुणी तपासत नसे. अन्सारला जगात एवढ्या एकाच गोष्टीचा गर्व होता. बाकी माणूस पाच वेळा नमाज पढणारा आणि मधल्या वेळात खोड्या काढणारा.

नायलॉनची टायरं जाऊन रेडियल यायला लागली त्या दिवसांत गावातल्याच कडूबानं आपल्या ट्रकला सहाच्या सहा नवी टायरं घातली. पूर्वी तो मुरूम वाहायचा, तोही गाडी रडेपर्यंत भरून. आता त्याला शेंद्र्याच्या कारखान्यातल्या खोक्यांचं भाडं लागलं होतं. माल फुगीर, वजन बेताचं. अन्सारनं वजनकाट्याची पावती मागितली, कुठल्या चाकांवर किती भार येतो ते विचारलं, भिंतीवरच्या कंपनीच्या तक्त्यावरून बोट फिरवलं आणि सांगितलं, "शंभर पौंड. त्याच्या वर नाय."

कडूबानं वाकून टायर बघितलं. रेडियल टायर पुरेशा हवेतही बुडाशी जरा फुगतं, बसल्यासारखं दिसतं. कडूबाचं तोंड कडू झालं.

"बसलंय की ओ मिस्त्री! मही जुनी टायरं कशी दगडावाणी उभी राहायची. सव्वाशे टाका."

"कडूबाभाऊ, हवा टायराचं तोंड बघून भरत नसत्यात, वझं बघून भरत्यात. सव्वाशे भरली तर मधलाच पट्टा रस्त्याला टेकंल, आन् तेवढाच झिजंल."

"तुमी सव्वाशे टाका."

अर्धा तास समजावलं; सगळं पालथ्या घड्यावर पाणी. पुढच्या फाट्यावरचा दुकानदार मागाल तेवढी हवा भरून देणारा, हे अन्सारला ठाऊक होतं. म्हणजे कडूबा तिकडे जाणार आणि कोरी करकरीत टायरं वर्षाच्या आत मातीत जाणार. अन्सारला टायराची फार कणव. तो म्हणाला, "आज राहू द्या. उद्या या."

दुपारी त्यानं हवा मोजायच्या एका जुन्या गेजची काच काढली आणि काटा पंचवीस पौंड पुढं करून बसवला. हवा नसतानाही काटा पंचविसावर उभा राहायला लागला, तेव्हा ते दिसू नये म्हणून काचेवर तिथं काळी पट्टी चिकटवली. तेवढ्यात त्याची बायको जाहेदा डबा घेऊन आली.

"ये क्या कररे तुम?"

"जिद की दवा बनारा."

जाहेदानं पट्टीखाली डोकावून बघितलं. "झूट बोलना है तो अपने मुँह से बोलो. मशीन कू कायकू सिखारे?"

अन्सार हसला. बायकोचं तेव्हाच ऐकलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं, पण नवऱ्यांना ही अक्कल नेहमी उशिरा येते.

दुसऱ्या दिवशी गेजनं सव्वाशे दाखवले. टायरात शंभरच होते. कडूबानं टायरावर थाप मारली आणि म्हणाला, "आता बघा कसं ताठ हाय!" टायर कालच्याइतकंच बसलेलं होतं. अन्सारला हसू आवरेना म्हणून तो टाकीत तोंड धुवायला गेला.

नऊ महिने ही गंमत चालली. टायरं सगळ्या अंगानं अशी एकसारखी झिजत होती की बघत राहावं. पण कडूबाला गुण आला की तो गावभर औषध सांगत सुटायचा. जिथं चहाला थांबेल तिथं त्याचं एकच: "रेडियलला सव्वाशे भरा. अन्सारचं गेज हाय, खोटं नाय!"

आणि एके दिवशी त्याचा साडू रामकिसन देवगाव रंगारीहून ट्रक घेऊन दुकानाच्या दारात उभा राहिला. सोबत कडूबा, दोघांची तोंडं दोन दिशांना.

"मिस्त्री, तुमीच न्याय करा," रामकिसन म्हणाला. "तेच टायर, तेच शेंद्र्याचं भाडं. ह्यानं सांगितली तेवढी सव्वाशे हवा म्या आमच्याकडं भरली. ह्याची टायरं नवी, आन् माह्या टायराच्या मधी टक्कल! मला मुद्दाम बुडवलं ह्यानं. घरात दोघी बहिणी बोलंनाशा झाल्यात."

कडूबा डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "पोरांची आण, म्या तेवढीच भरतो. सांगा ना ओ मिस्त्री!"

रस्ता खराब होता, टायरच खराब निघालं, काहीही सांगता आलं असतं. अन्सारच्या जिभेवर ते आलंही होतं. पण समोर कडूबाचं तोंड होतं, आणि कडूबा खरं बोलत होता. अन्सारला स्वतःची लाज वाटली. त्यानं खुंटीवरचं गेज काढून त्याची पट्टी सोलली आणि सगळं सांगून टाकलं.

मग रामकिसन असा हसला की खाली बसला. "नऊ महिने! साडूभाऊ, नऊ महिने तुमाला येडं बनवलं!" टकलाचं दुःख तो तिथल्या तिथं विसरला. कडूबा मात्र तडक निघून गेला.

बातमी चार दिवसांत पैठणपर्यंत गेली. मग ट्रकवाले येत, हवा भरून घेत आणि अन्सारच्या देखत खिशातून स्वतःचं गेज काढून तपासत. कुणी वाईट बोलत नव्हतं. नुसतं तपासत होते. शहाणपण करायला गेला आणि शब्द घालवून बसला.

महिन्यानं कडूबा आला. त्यानंही खिशातून कोरं गेज काढलं. अन्सारनं मान खाली घातली.

"ह्याचा काटा पंचवीसनं पुढं करून द्या," कडूबा म्हणाला.

"आँ?"

"साऱ्यांना सांगून सांगून थकलो, शंभर भरा, शंभर भरा. एक जण ऐकंल तर शपथ! समदे म्हणत्यात टायर बसलंय. लई हट्टी लोकं ओ!"

अन्सारला पोटातून हसू फुटलं, पण त्यानं गेज परत केलं. "नाय कडूबाभाऊ. खरं सांगा आन् शिव्या खा. म्या पण तेच करतो."

कडूबानं त्याला दोन शिव्या तिथंच हासडल्या. मग गेज खिशात टाकलं, बिडी काढली, टायरांकडे पाठ केली आणि रस्त्याकडे बघत म्हणाला, "भरा मंग शंभर."

अन्सारनं सहाही टायरं भरली. कडूबानं एकदाही वळून बघितलं नाही.