नकाशावरच्या नऊ हापश्या

त्या दुपारी मी सातव्यांदा तीच कमांड मारली आणि नेट गेलं. वाशीमच्या आमच्या संस्थेच्या ऑफिसात नेट जाणं काही नवीन नाही, पण त्या दिवशी मला रडू यायचंच बाकी होतं. गावोगावच्या हापश्यांचं पाणी तपासून आम्ही एक मोठा तक्ता केला होता. तो लोकांना वेबसाइटवर बघता यावा म्हणून एक फुकटचं साधन घेतलं होतं. साधन कसलं, नुसता सांगाडा! नकाशा हवा तर त्याला वरून जोडायचं प्लगइन वेगळं, फ्लोराइड जास्त तिथं लाल असे रंग हवेत तर वेगळं, मराठीतून शोधायचं तर आणखी वेगळं. एक बसवलं की दुसरं रुसायचं. सेटिंगच्या फाइलीत एक स्वल्पविराम राहिला तरी अख्खा तक्ता उघडेना. तीन आठवडे हेच चाललं होतं, जीव मेटाकुटीला आला होता.

प्रयोगशाळेचे रिपोर्ट येऊन महिना झाला होता. "अर्धवट कायले सांगायचं? नकाशा होऊ द्या, मंग एकदमच जाहीर करू," असं आमचे सर म्हणाले होते, आणि मलाही ते पटलं होतं. दुसऱ्या दिवशी बैठक होती. चांगल्या पाण्याची सोय आधी कोणत्या गावांत करायची, ते नकाशा पाहून ठरणार होतं.

चारच्या सुमारास नकाशा उघडला एकदाचा. सरांना बोलावलं. आसेगावकडच्या एका गावावर त्यांचं बोट थांबलं. नऊच्या नऊ हापश्या एकाच ठिपक्यात, आणि तो ठिपका टेकडीच्या माथ्यावर.

"घरी बसून भरलेले फॉर्म हायत हे," सर म्हणाले. "गाव उद्याच्या यादीतून काढा."

ते फॉर्म त्याच गावातल्या एका ताईंनी मोबाइलवर भरले होते. मी त्यांना फोन लावला. त्या मंगरूळपीरला बाजाराला गेल्या होत्या, म्हणून फोन लागला तरी. लॅपटॉपवरचा सगळा राग मी त्यांच्यावर काढला. "ताई, टेकडीवर कधी हापशी असते काय? येड्यात काढता काय आम्हाले?"

बाजाराच्या गलक्यातून ताई बाजूला झाल्याचं ऐकू आलं. मग म्हणाल्या, "मॅडम, आमच्या गावात रेंज कुठं हाय? तुमीच शिकवलं ना, रेंज आल्याबिगर लोकेशनचं बटन दाबायचं नाही. मंग मी एकेका हापशीची बाटली भरो, अन् टेकडीवर जाऊन बटन दाबो. नऊ डाव चढली मी. गुडघे अजून दुखून राह्यले."

प्रशिक्षणात ते मीच बोलले होते, फळ्यावर लिहूनसुद्धा दिलं होतं. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. सरांना जाऊन सांगितलं, चूक माझी आहे. ते म्हणाले, ऑफिस बंद व्हायच्या आत ठिपके जागेवर लावा, गाव राहील.

मग पुन्हा फोन लावला; गाडीची वाट बघत ताई स्टँडवर पिशवी खाली ठेवून बोलत राहिल्या आणि मी नकाशावर ठिपके लावत राहिले. शाळेच्या मागची, विहाराजवळची, पाटलाच्या गोठ्यापाशी असलेली. आठ लागल्या.

"नववी कुठं?" मी विचारलं.

"ते माझ्या दारातली हाय. मुद्दाम शेवटी ठेवली. नाही तं लोक म्हणतीन, आपलीच आधी लावली."

मी ती लावली. रंगाचं प्लगइन जरा घुटमळलं आणि ठिपका गडद लाल झाला. गावात तसा दुसरा एकही नव्हता.

"दिसून राह्यली काय, मॅडम?" आवाजात केवढी हौस!

"दिसून राह्यली. ताई, तिचं पाणी पिऊ नका आता. फ्लोराइड लय हाय. लेकरांचे दात, हाडं, सगळं खराब करते ते."

"रिपोर्ट आला काय?"

"आला."

"कवा?"

खोटं सांगायचं मनात आलं, नाही म्हणत नाही. पण मी म्हणाले, "महिना झाला."

मागं गाडीचा हॉर्न वाजत होता. ताई हळूच म्हणाल्या, "आज सकाळीच तिचंच दोन गुंड पाणी भरून ठेवून आली मी. पोरी घरीच हायत."