एकोणचाळीस मिनिटं

माझ्या अक्षराला हसू नये. नगरला मामांकडे राहून चौथीपर्यंत शिकले, तेवढंच. ऱ्हस्वदीर्घ अजून चुकतं, आणि ओळ डावीकडून निघाली की उजवीकडे खाली घसरते. हे मी ह्यांच्या हापिसातल्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे, त्यामुळे मधे मधे तांबड्या रेघा येतात. कुणाला दाखवायचं नाही. पण पाटोद्याहून निघाले तो दिवस कुठंतरी लिहून ठेवावा असं फार दिवस मनात आहे.

गाडी जुंपून उभी होती, आणि आबा घंगाळात वाटी सोडून बसले होते. गावात कुणाचंही लग्न असलं की घटीची वाटी आमच्या आबांकडची. तांब्याची, बुडाला बारीक भोक पाडलेली. पाणी हळूहळू आत चढतं, वाटी बुडते, आणि बुडाली की एक घटका झाली. जोशांनी निघायची जी घटका सांगितली होती ती भरल्याशिवाय आबा बैलांना हलू देईनात. हे अस्वस्थ होऊन येरझारा घालत होते.

"जावईबापू, वाटीला घाई बी न्हाई आन् उशीर बी न्हाई," आबा म्हणाले. मग वाटी बुडाली, आणि आईनं माझ्या पदरात खोबऱ्याची वाटी घातली.

वाटेतल्या नाक्यावर निजामाची मोगलाई संपली. आमचे निजामी हाली रुपये देऊन इंग्रजी कलदार घेतले. रुपया बदलला तशी पुढं वेळही बदलेल, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नगरच्या स्टेशनात आम्ही सूर्य बघून अगदी वेळेत पोचलो, तर गाडी निघून गेलेली. स्टेशनातलं घड्याळ सूर्याच्या अर्धा तास पुढं होतं! बिऱ्हाड घेऊन दुसऱ्या दिवसापर्यंत फलाटावर बसलो. ह्यांनी स्टेशन बघून खिशातलं घड्याळ लावलं आणि मला म्हणाले, "हितून फुडं रेल्वेची येळ तेवढी खरी. बाकी समदं इसर."

मी ते मनावर कोरून घेतलं. तिथंच पुढच्या चुकीचं बी पडलं.

मुंबईत हे किल्ल्याच्या भागात, कोटात, एका कापसाच्या पेढीत कारकून. विलायतेत बाजार उघडायच्या आत इथून तार जावी लागते, म्हणून कुठल्या गावी किती वाजलेत याची वही ह्यांच्याकडे असे. एडन, बसरा, मार्सेय, लंडन. त्यात लढाई सुरू झाल्यापासून तिकडच्या सरकारांनी नवंच काढलेलं. उन्हाळा आला की हुकूम काढून घड्याळं एक तास पुढं करायची, थंडीला मागं घ्यायची. इंग्रजांचा रविवार वेगळा, फ्रान्सचा वेगळा, दर वर्षी तारीख निराळी. चिठ्ठी आली की नवं पान लिहायचं.

त्या शनिवारी लंडनची चिठ्ठी आली आणि हे वही काखेत घेऊन तापानं फणफणतच घरी आले. रविवारी उठवेना. "तूच लिही," म्हणाले. "तिकडं तास फुडं, म्हंजी आपली तार तासभर आधी."

मी मागचं पान पाहिलं. तार टाकायची वेळ बारा वाजून एकावन्न मिनिटं. एक तास वजा केला, अकरा एकावन्न. असला तुटका आकडा कुणी मुद्दाम ठेवील का? मुंबईत कोटातल्या टॉवरच्या घड्याळाची वेळ वेगळी आणि रेल्वेची वेगळी, टॉवर एकोणचाळीस मिनिटं मागं, हे मला ठाऊक होतं; घरातलं घड्याळ रेल्वेवर लावलेलं, आणि टॉवरचे ठोके त्याच्या मागून पडत. एकोणचाळीस मिळवले, तर बरोबर साडेबारा! मला वाटलं, आधीच्या कुणा कारकुनाची चूक सापडली. सगळं पान रेल्वेच्या वेळेनं सुधारून लिहिलं. ह्यांना विचारलं नाही. मनात थोडा अभिमानच होता.

सोमवारी सकाळी म्हातारा शिपाई वही घेऊन गेला. टॉवरचे अकरा ठोके पडले तेव्हा ह्यांनी डोळे उघडले. "अकरा. तारंला अजून पन्नास मिन्टं हायत."

मी हातातलं कापड खाली ठेवलं. "हापिसातलं घड्याळ टॉवरवर चालतं?"

"मग काय आपल्याकडल्या सिरसाळ्याच्या बाजारावर चालंल?"

शेजारच्या काकूंना ह्यांच्याजवळ बसवलं आणि निघाले. तोवर मी नळाच्या पलीकडे एकटी गेले नव्हते. कोटात कसं जायचं ते विचारायला तोंड उघडेना, म्हणून ट्रामच्या रुळांच्या कडेनं चालत सुटले. चप्पल तुटली ती हातात घेतली. पेढीच्या दारात पोचले तेव्हा टॉवरवर बाराला दहा कमी होते. एक मिनिट हातात होतं.

आणि मी जिन्यातच उभी राहिले. वर पुरुषांचे आवाज. वरून एक जण उतरला, "कोण पाहिजे बाई?" म्हणाला, तर मी भिंतीकडे तोंड केलं. टॉवरचे बारा ठोके पडले. ते मी एकेक मोजले. तेव्हा कुठं वर गेले आणि शेठजींच्या समोर वहीवर बोट ठेवून एवढंच म्हणाले, "हे मी लिहिलंय. चुकलंय. तार आत्ता पाठवा."

तार अकरा मिनिटं उशिरा गेली. तेवढ्यात तिकडे भाव फिरला. वही न कळवता बायकोच्या हाती दिली म्हणून हापिसातले काही जण ह्यांना काढाच म्हणत होते. शेठजी म्हणाले, "बाई आली नसती तर चाळीस मिनिटं गेली असती. कारकुनापेक्षा त्याची बायको घड्याळाला जास्त भिते." नोकरी राहिली. नुकसानीचे दरमहा चार रुपये पगारातून कापायचं ठरलं. माहेरी जायचं तिकीट त्या चार रुपयांतूनच निघायचं होतं.

हे वही माझ्यापासून दूर ठेवतील असं वाटलं होतं. उलट दर नव्या पानाला मलाच हाक मारतात, आणि मी आता प्रत्येक आकड्यापुढं कुठलं घड्याळ तेही लिहिते.

एकदा आबांना पत्र टाकून विचारलं, वहीत पाटोद्याची ओळ घालायची आहे, वेळ काय लिहू? त्यांनी मास्तरांकडून लिहवून घेतलं: "सूर्य माथ्यावर आला की बारा. यात काही बदल झाल्यास कळवीन."

ती ओळ मी घातली आहे. बाकी सगळ्या गावांवर खाडाखोड आहे, पाटोद्यावर नाही. दोन वर्षं आणि तीन महिने झाले, मी तिथं नाही, आणि घर म्हणजे मला आता तेवढीच एक ओळ आहे. आबांची वाटी रोज बुडत असेल का, कुणास ठाऊक.

काल हे घरी आले, पगार माझ्या हातात दिला आणि हातपाय धुवायला गेले. मी मोजला. चार रुपये जास्त होते. पुन्हा मोजला. फिटलं होतं.