जेवणाआधी जिभेखाली

पिरंगुटला दवाखाना टाकून मला अठरा वर्षं झाली. हे किस्से मी जमवले नाहीत. म्हाताऱ्या पेशंटनीच ते आणून टाकले. उतारवयात अन्ननलिका रुसते, घास मधेच अडकतो. औषधं मोजकी, पण धक्के दरवेळी नवे!

*

उरवड्याच्या एक आजी. हाडांची गोळी बिनपाण्याची घेऊन लगेच आडव्या झालेल्या.

"गिळली ना नीट?"

त्यांनी छातीवर बोट टेकवलं. "हितं हाय!"

एन्डोस्कोपी केली. जिथं बोट होतं, नेमकी तिथंच जखम!

*

एका आप्पांना स्पेशालिस्टनं 'ती' निळी गोळी लिहिली. मुलगा चिठ्ठी नाचवत आला, "मॅडम, वडील शहात्तर वर्षांचे आहेत!"

मी समजावलं, ही गोळी अन्ननलिकेचे आवळलेले स्नायूही सैल करते.

बाहेरून आप्पा ओरडले, "नळीचं गावात सांगू नका मॅडम! लई मान वाढलाय!"

*

माणचे नाना. छातीत कळ आली की मुलं आयसीयू गाठायची. शेवटी कळलं, हृदय ठीक, अन्ननलिका आवळतेय. जिभेखालच्या गोळीनं आराम पडला आणि नाना स्वतःच डॉक्टर झाले! शेजाऱ्याच्या छातीत दुखलं, तर म्हणाले, "काय न्हाई, नळी आवळली आसंल." दिली गोळी!

तो खरा हार्ट अटॅक होता. शेजाऱ्याच्या बायकोनं नानांचं न ऐकता त्याला गाडीत घातलं, म्हणून तो वाचला. मी नानांना झापलं.

"पर मॅडम, अटॅकवर बी हीच गोळी देत्यात म्हनं. मग माझं चुकलं कुटं?"



*

नेऱ्याचे भिवाआबा, धनगर. भाकरी उतरेना, अंगाची काडी झालेली. ऑपरेशन झेपणारं नव्हतं, म्हणून जेवणाआधी जिभेखाली हीच नळी सैल करणारी गोळी. पहिल्याच दिवशी बीपी उतरलं आणि आबा चुलीपाशी कोसळले. मी डोस निम्मा केला, गोळी बसूनच घ्यायला सांगितली. मग मात्र आबा भाकरी खायला लागले.

चार महिन्यांनी ते बायकोला, ठकूआजींना, घेऊन आले. डोकं ठणकतंय, उभं राहिलं की चक्कर. बीपी नव्वद!

"आजी, कुठल्या गोळ्या घेता?"

"मला कशाला गोळ्या?"

मला शंका आली. आबांना बाहेर बसवलं आणि पुन्हा विचारलं.

आजी हळूच म्हणाल्या, "त्येंच्या आधी मी घेते. थोडा येळ बघते. मी पडले न्हाई, तर मग त्येंला देते."

"रोज?"

"दोन्ही टायमाला."

"अहो आजी, चार महिने!"

त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"त्येंला सांगू नगा. जेवायचं सोडतील."