मधली चार बोटं

माझ्या बाबांना सगळे ओळंबा म्हणत. ओळंबा म्हणजे गवंड्याची ती दोरीला टांगलेली वजनदार गोळी, भिंत सरळ आहे की नाही ते सांगणारी. बाबांना ते कौतुक वाटे. मी त्यांच्याच घरात वाढले, म्हणून सांगते, ज्याला वाकताच येत नाही त्याच्या सरळपणाचं कसलं आलंय कौतुक!

काका हा बाबांचा धाकटा भाऊ. त्याला थापी धरायला बाबांनीच शिकवलं. दोघं जोडीने कामावर जात. एकदा बाबांनी उभारलेली भिंत काकाने सगळ्या मजुरांसमोर पाडली. बाहेर झुकली होती म्हणे. झुकली होतीही. पण पाडल्यापेक्षा न विचारता पाडल्याचं बाबांना लागलं. त्या संध्याकाळी घरात नको ते बोलणं झालं. तुझ्या दारात पाय ठेवणार नाही, माझी माणसंही ठेवणार नाहीत, अशी शपथ बाबांनी घेतली आणि मध्ये भिंत घालून घराची वाटणी ठरली.

आता दोन गवंड्यांच्या घरात तिसरा गवंडी कसा बोलावणार? आणि दोघांपैकी बांधणार कोण? इथे घोडं अडलं. भिंत ज्या बाजूला उभं राहून, दोरी लावून बांधतात ती बाजू सुबक येते. पलीकडची ओबडधोबड. भावाच्या हातची ओबडधोबड बाजू जन्मभर बघायची दोघांचीही तयारी नव्हती. शेवटी दोघांनी दोन भिंती बांधल्या, पाठीला पाठ, आपापल्या खोलीकडे सुबक बाजू ठेवून. मध्ये चार बोटं जागा उरली, ती कोणाचीच नाही. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ, तिथे उंदरांनी संसार थाटला.

आजीची खाट खिडकीखाली होती. खिडकी काकाच्या वाट्याला आली, म्हणून आजीही तिकडे गेली. एवढंच. कंबरेचं हाड मोडल्यापासून ती खाटेवरच होती आणि तिला कुठे राहायचंय हे तिला कोणी विचारलंसुद्धा नाही. बाबा मात्र धरून बसले की आईने धाकट्याला निवडलं. रोज कामावरून आले की त्या भिंतीशेजारी ताट घेऊन बसायचे आणि म्हणायचे, "आईने बोलावलं तर असाच्या असा उठून जाईन. शपथ गेली चुलीत. पण तिने बोलवायला हवं." माझी आई सांगून थकली की तुम्हीच जा. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही.

असं वर्ष गेलं. मग एकदा बाजारात काकूने मला गाठलं. वाटणीनंतर ती पहिल्यांदाच माझ्याशी बोलत होती.

"तुझ्या बापाला काळीज आहे का गं? म्हातारी रोज दिवेलागणीला वाटीने भिंत वाजवते. मोठ्याला बोलावते. आम्ही त्याला बोलावून आणतो म्हटलं तरी नको म्हणते, त्याने माझ्या हाकेला यायला हवं म्हणते. तिथला गिलावा उडाला, वीट दिसायला लागली. आणि तो पलीकडे खुशाल जेवतोय."

काकू, आम्हाला काही ऐकू येत नाही गं, एवढंच मी म्हणाले. तिला आधी ते खरं वाटेना. मग वाटलं, आणि ती भाजी तिथेच विसरून निघून गेली.

दोन भिंती आणि मध्ये पोकळी ठेवली की आवाज मरतो. ज्यांना शेजारचा आवाज नको असतो ते मुद्दाम तशा भिंती बांधून घेतात. या दोघा भावांनीच कितीतरी लोकांना बांधून दिल्या होत्या. स्वतःच्या घरात बांधताना दोघांच्या डोक्यात सुबक बाजू सोडून दुसरं काही नव्हतं. मला त्यांचा इतका राग आला की घरी जाऊन मी बाबांना बसायलाही न सांगता सगळं सांगून टाकलं.

बाबा तसेच निघाले, हाताला सिमेंट होतं. आमचं दार मागच्या गल्लीत, काकाचं पुढच्या, म्हणजे वळसा घालूनच जावं लागतं. मी त्यांच्या मागे. काकाने बाजूला होऊन वाट दिली. आजी भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाबा खाटेशी बसले आणि लहान मुलाला सांगावं तसं तिला सांगू लागले, की मध्ये पोकळी आहे, आवाज पोचत नाही, मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं नाही. आजीने सगळं ऐकून घेतलं.

"दोन्ही तुम्हीच बांधल्यात ना?" ती म्हणाली.

काका दारात मान खाली घालून उभा.

मग बाबा म्हणाले, उद्याच पाडतो. काकाही म्हणाला, मीही येतो हाताखाली. आजीने मान हलवली. "आता नको. धूळ सोसत नाही मला. माझं एकदा होऊन जाऊ द्या, मग पाडा."

बाबा रोज जायला लागले. ती त्यांच्याशी खाण्यापिण्याचं, औषधाचं बोलायची, त्यापलीकडे नाही. थंडी सरायच्या आत ती गेली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. भिंती आहेत तशाच आहेत. आधी कोणाची पाडायची, यावर दोघा भावांचं अजून जमलेलं नाही.