भुईला न टेकलेलं पान

आमच्या जाऊबाईला, केवळाबाईला, गाव देवभोळी म्हणायचं. म्हणणाऱ्याचं काय जातंय? अंगावर काठ्या पडताना तिच्यासारखं देवाच्या दारात बसून बघा म्हणावं एकदा.

आमी मेंढरंवाले. ताडकळसच्या शिवारात कुणब्यांच्या रानात कळप बसवायचा, लेंडीखत द्यायचं, बदल्यात जवारी घ्यायची, आन् पुढच्या रानाला जायचं. केवळाबाई या बिऱ्हाडात नांदायला आली तवा तिचा दीर दुधाचे दात पडायच्या वयाचा व्हता. माय नसलेलं लेकरू तिनंच वाढवलं. तिला सोताचं झालंच न्हाई. त्यो दीर म्हंजे माझा मालक. धन्याचं नाव घेऊ नये, पर सांगायचंय म्हणून एकदा घेते, रायभान.

पोलीस ॲक्शन होऊन दोन वर्सं झाली व्हती. निजामाचं राज गेलं, पर चंद्रभानची दांडगाई गेली न्हाई. चंद्रभान लय मोठा जमीनवाला. गडबडीच्या सालात त्याच्या हाताला रगत लागलं, ते पुन्हा धुतलंच न्हाई त्यानं. आमचा कळप व्यंकटरावांच्या रानात बसला व्हता, बांधाला लागून चंद्रभानची उभी जवारी. दोन कोकरं शिरली तिच्यात. खोटं कशाला बोलू, शिरली. केवळाबाईचे मालक येडबा त्यांना हाकलायला आत गेले, आन् चंद्रभाननं आन् त्याच्या गड्यांनी त्यांना तिथंच धरलं.

काठीनं मारलं असतं तर मारलं म्हणले असते. त्यांनी कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, पात्याच्या मागच्या बोथट अंगानं मारलं. आधी गुडघे फोडले, पळू नये म्हणून. मंग बरगड्या. शेवटाला ती दोन कोकरं गळे चिरून येडबांच्या अंगावर फेकली आन् चंद्रभान म्हणला, "घे, बसव आता कळप." आमी पोचलो तवा माणसाचं रगत कोणतं आन् मेंढराचं कोणतं ते कळंना. केवळाबाईच्या मांडीवर येडबांनी जीव सोडला.

माझ्या मालकानं कुऱ्हाड उचलली. माझ्या लग्नाला वर्स झालं नव्हतं, पोटात लेकरू. मी पाय धरले तर लाथ बसली. चंद्रभानला तोडला की मालकाला फाशी, त्या घडीला मला दुसरं काही दिसतच नव्हतं. केवळाबाई जागची हलली न्हाई. नवऱ्याचं डोकं मांडीवर तसंच ठेवून म्हणली, "लेकरा, देवाला इचारल्याबिगर गेलास तर मी तुला वाढवलंच न्हाई असं समज."

माळावर आमच्या खंडोबाचा तांदळा हाय, शेंदूर लावलेला उघडा दगड. तिथं कौल लावायची रीत अशी. बेलाचं पान ओलं करून देवाच्या कपाळाला डकवायचं आन् सवाल घालायचा. पान उजवीकडं पडलं तर हो, डावीकडं पडलं तर न्हाई. भुईला टेकलं की फैसला. टेकेपर्यंत बसून राहायचं, आन् कुणावर हात उचलायचा न्हाई.

प्रेताला माती द्यायच्या आधी तिनं पान डकवलं. म्हणली, "देवा, चंद्रभानला तुझ्यावर सोडू का?"

मालकानं भंडाऱ्यावर हात ठेवला. "देव हो म्हणला तर सोडतो. न्हाई म्हणला तर त्याचं मुंडकं हितं आणून ठेवतो."

ऊन चढलं. पान हलंना. तेवढ्यात चंद्रभानच गडी घेऊन माळावर आला. तकरार द्यायला कुणी उरू नये असा त्याचा बेत. आधी त्यांनी मेंढरांभवतीची जाळ्याची वाघूर पेटवली. जाळ्यात अडकलेली कोकरं जळायलती, वरडायलती. आमचं कुत्रं अंगावर गेलं, त्याची एका फटक्यात कवटी फुटली. मंग ते मालकाकडं वळले. कुऱ्हाड हातात असून माझ्या मालकानं ती चालवली न्हाई. पानाकडं बघायलता. पहिल्या काठीनं मनगट मोडलं, हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी मधी पडले तर माझ्या पाठीवर दोन बसल्या.

"अक्का," मी वरडले, "तुझा देव काय बहिरा झालाय? मारायलेत त्यांला!" लय राग आला तिचा मला. दगडापुढं दगडावाणी बसलेली.

तिच्या बी टाळूवर काठी बसली. रगत डोळ्यात उतरलं, तिनं पुसलं न्हाई. "बसलेय देवा," एवढंच म्हणायली, "तुझ्याच दारात बसलेय."

आन् पान सुटलं. भुईला टेकायच्या आत केवळाबाईनं हात पुढं केला. पान तिच्या तळहातावर पडलं. तिनं मूठ मिटली.

"वैनी, कंच्या अंगाला?" मालक वरडला.

"टेकलं न्हाई," ती म्हणली. "त्यानं भुईवर टाकलं न्हाई, माझ्या हातात टाकलं. थांब म्हणलाय."

जाळ बघून व्यंकटराव गाव घेऊन धावत आले, म्हणून आमचे जीव राहिले. चंद्रभान धरला गेला, पर साक्षीदार फिरले आन् थोडक्यात सुटून आला. बाजारात मिशीला पीळ देत हिंडायचा. त्याला बघून आलं की मालकाचा मोडका हात कुऱ्हाडीवर जायचा. "वैनी, टेकलं का?" "न्हाई टेकलं. जेव आधी." असं सालोसाल चाललं. त्यात मला दोन लेकरं झाली.

तिला दुख नव्हतं असं समजू नका. लोकर कातता कातता ती देवाशी भांडायची. "कवा बोलणार हायेस? माझे डोळे गेल्यावर?" भांडायची, आन् सांजच्याला त्याच्याच पुढं दिवा लावायची.

महाराष्ट्र झाला त्या साली केवळाबाई गेली. तिच्या कमरेच्या भंडाऱ्याच्या पिशवीत ते पान निघालं, वाळून चुरा व्हायला आलेलं. चंद्रभान अजून जित्ता व्हता. मालकानं पान तळहातावर घेतलं, लय वेळ बघितलं, आन् मला म्हणला, "तू समोर व्हतीस. खरं सांग. कंच्या अंगाला पडायलतं?"

डावीकडं पडायलतं, न्हाईच्या अंगाला. मी माझ्या डोळ्यानं बघितलं व्हतं.

"टेकलं न्हाई," मी म्हणलं.

त्यानं पान पिशवीत ठेवलं, तोंड बांधलं, आन् पिशवी माझ्या पदरात टाकली. तवापासून ती माझ्या कमरेला हाय.