साडूभाऊंची बर्फगाडी

आमच्या साडूभाऊंइतका संशयी माणूस अख्ख्या नेदरलँड्समध्ये सापडायचा नाही, आणि सापडलाच तर साडूभाऊ त्याच्यावरही संशय घेतील. फोरबर्गला त्यांच्या दारातल्या सायकलला तीन कुलुपं आहेत, आणि तिसऱ्याची किल्ली त्यांनी इतकी जपून ठेवली की हल्ली ते ट्रामनेच फिरतात. डॉक्टरांनी "तुम्हाला काहीही झालेलं नाही" असं सांगितलं, तेव्हा घरी पोचताच त्यांचा मला डेल्फ्टला फोन: "माणूस काहीतरी लपवतोय."

अशा माणसाने दोन हिवाळे स्नोमोबिल, म्हणजे त्यांच्या भाषेत बर्फगाडी, निवडण्यात घालवले. ज्या देशात टेकडी बघायला सहल काढावी लागते, तिथे हे खूळ कशाला, असं कुणालाही वाटेल. पण त्यांचा एकुलता एक मुलगा स्वीडनच्या पार उत्तरेला राहतो. हिवाळ्यात तिथे डांबरी रस्ता संपला की पुढे जंगलातली दाबून पक्की केलेली बर्फाची वाट, आणि शेवटी घरापर्यंत कंबरभर भुसभुशीत बर्फ. या गाडीला चाकांऐवजी खाली फिरता रबरी पट्टा असतो. पक्क्या वाटेवर आखूड पट्ट्याची गाडी बरी, चटकन वळते. भुसभुशीत बर्फात लांब पट्टा हवा, नाहीतर गाडी रुतते. दोन्हींसाठी मधल्या लांबीची मिळते, हे मी शोधून दिलं. "दोन्हीकडे चालते म्हणजे कुठेच धड चालत नसणार," साडूभाऊ म्हणाले. एका विक्रेत्याने बर्फात उभ्या गाडीचा फोटो पाठवला, तर यांनी कळवलं की खालचं काही दिसत नाही, बर्फाशिवाय काढा. त्या भल्या माणसाने बर्फ वितळेपर्यंत थांबून जूनमध्ये हिरवळीवरचा फोटो धाडला. त्यावर साडूभाऊ: "आता ही बर्फात चालते कशावरून?"

खरं दुखणं वेगळंच होतं. मुलाला तिथे नोकरी लागली, तेव्हा यांनी परस्पर त्याच्या ऑफिसात फोन करून ती नोकरी खरी आहे का, याची चौकशी केली होती. पोराला ते फार लागलं. तेव्हापासून त्याने बोलणं टाकलं. माझी मेहुणी गेल्यापासून साडूभाऊ एकटेच. न बोलावता जायचं तर गाडी आपली हवी, असा त्यांचा हिशेब होता.

या जानेवारीत पोराचा मेसेज आला. जन्मभर बापाला डचमध्ये उत्तरं देणाऱ्या पोराने चक्क मराठीत लिहिलं होतं: "बाबा, या. रस्ता संपतो तिथे मी घ्यायला येतो." साडूभाऊंनी तो मला दहा वेळा वाचायला लावला. "हा मराठीत कधी लिहितो? त्यानेच लिहिलंय कशावरून? आणि नाही आला म्हणजे?" शेवटचा प्रश्न विचारताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मला रागही आला आणि वाईटही वाटलं. "साडूभाऊ," मी म्हणालो, "या वेळी काही विचारू नका. नुसते जा."

चार दिवसांनी फोटो आला. बर्फगाडीवर पुढे पोरगा, आणि मागे त्याचं जाकीट दोन्ही मुठींत घट्ट धरून बसलेले साडूभाऊ. मी लगेच फोन लावला.

"पट्टा किती लांबीचा आहे हो?"



"अरे," ते म्हणाले, "विचारायचंच राहिलं."

मला भरून आलं. फोन ठेवल्यावर मात्र, आता असले संशयी फोन मला कोण करणार, म्हणून जरा चुकल्याचुकल्यासारखंही वाटलं.